हिशेबाची पेटी घ्या, पण एकाच पेटीवर विसंबू नका

व्यापारात भांडवल दोन प्रकारचे असते. एक गोदामात दिसते : कापडाचे ताके, सुताच्या गोण्या, बीम, रंगाचे डबे. दुसरे दिसत नाही, ते वहीत असते. कुणाकडून किती येणे, कुणाला किती देणे, कोणत्या ताक्यात किती मीटर भरले, कोणत्या लूमवाल्याला किती सूत दिले आणि त्याच्याकडून किती कापड यायचे राहिले. गोदामाला आपण कुलूप लावतो, विमा उतरवतो, रात्री पहारेकरी बसवतो. वहीसाठी काय करतो?

जुन्या पेढीवर मुनीमजी रोज संध्याकाळी कीर्द लिहीत, सवडीने खतावणी करीत आणि चोपड्या तिजोरीत जात. त्या पद्धतीत एक मोठा गुण होता, जो तेव्हा कुणाच्या ध्यानातही आला नाही. एकाच व्यवहाराची नोंद आपोआप तीन-चार ठिकाणी होत असे. चलन कार्बन घालून तीन प्रतींत लिहिले जाई. एक प्रत माल घेणाऱ्याकडे जाई, एक टेम्पोवाल्याकडे, एक आपल्याकडे राही. दलाल आपल्या डायरीत सौदा टिपून ठेवी. लूमवाल्याच्या घरी त्याची स्वतःची वही असे. पेढीला आग लागली तरी या वह्या जमवून निम्मा-पाऊण हिशेब पुन्हा उभा करता येत असे.

संगणक आला आणि काम सोपे झाले. बेरजेच्या चुका गेल्या, बिल मिनिटात निघू लागले, वर्षअखेरीची रात्रपाळी संपली. पण त्याबरोबर तीन-चार ठिकाणची नोंद एका ठिकाणी आली. आता दलाल सौदा व्हॉट्सॲपवर पाठवतो आणि विसरतो. लूमवाला बिलाचा फोटो पाहतो, स्वतः वही लिहीत नाही. सगळी भिस्त काउंटरखालच्या एका संगणकावर, आणि फार तर मुनीमच्या खिशातल्या एका पेन ड्राइव्हवर.

अशा वेळी संगणकाचे दुकानदार आपल्या बाजारात एक वस्तू घेऊन फिरत आहेत. पुठ्ठ्याच्या लहान खोक्याएवढी एक पेटी, तिच्यात दोन किंवा चार हार्ड डिस्क, मागे नेटवर्कची तार. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'नॅस' म्हणतात. 'ही लावा आणि निर्धास्त झोपा,' असे सांगितले जाते. पेटी चांगली आहे, ज्यांचा व्याप मोठा आहे त्यांनी ती जरूर घ्यावी, असे माझे मत आहे. मात्र 'निर्धास्त झोपा' हा भाग खरा नाही. का, ते व्यापारी बांधवांपुढे मांडण्यासाठीच हा लेख.

नोंद गेली तर काय जाते?

प्रथम उधारीचे पाहू. आपला कापडाचा धंदा उधारीवर चालतो. मुदतीच्या कायद्याप्रमाणे, म्हणजे १९६३ च्या लिमिटेशन ॲक्टप्रमाणे, उधारीची मुदत ठरलेली नसेल तर विकलेल्या मालाच्या किमतीचा दावा माल दिल्यापासून ३ वर्षांच्या आत करावा लागतो. त्यासाठी माल कोणत्या तारखेला दिला, मधे किती रक्कम आली, समोरच्याने बाकी लेखी कबूल केली का, हे सर्व दाखवावे लागते. न्यायालयात आता कागदाइतकीच इलेक्ट्रॉनिक नोंद चालते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे तिच्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात त्या फाईलचे हॅश मूल्य, म्हणजे फाईलचा जणू अंगठ्याचा ठसा, नमूद करावा लागतो. फाईलच उरली नाही तर ठसा कशाचा घेणार? समोरचा माणूस नेक असेल तर पैसे देईल. नसेल तर येणे बुडाले.

दुसरी गोष्ट जीएसटीची. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. २०२३-२४ या वर्षाच्या विवरणपत्राची शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०२४ होती. म्हणजे त्या वर्षाची बिले ३१ डिसेंबर २०३० पर्यंत आपल्याकडे हवीत. एखाद्या प्रकरणात अपील किंवा चौकशी चालू असेल तर त्याहूनही पुढे. आणि जी गोष्ट फार थोड्या व्यापाऱ्यांना ठाऊक आहे ती अशी की, जीएसटी नियमांतील नियम ५७ इलेक्ट्रॉनिक हिशेब ठेवणाऱ्याने योग्य बॅकअप ठेवलाच पाहिजे असे सांगतो. अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या तरी वाजवी वेळेत त्या परत उभ्या करता आल्या पाहिजेत, अशी त्याची भाषा आहे. 'साहेब, संगणक बिघडला' हे उत्तर कायद्याने आधीच बाद करून ठेवले आहे.

तिसरी गोष्ट आपल्या घरातली. पेढीचा मालक अचानक गेला तर वारसांमध्ये वाटणी होण्याआधी त्याचे कर्ज फेडले जावे, हा आपल्याकडचा दंडक सर्वांना माहीत आहे. कुणाचे किती देणे हे ज्या फाईलमध्ये होते ती उघडलीच नाही, तर मुलांनी देणी कशी फेडायची? उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आपल्याला नवी नाही. लिहिलेले टिकवणे हा त्याच ताकिदीचा अर्धा भाग आहे, असे मी मानतो.

ही पेटी काय करते?

पेटीचे काम समजायला सोपे आहे. ती एक लहान संगणकच असते, फक्त तिला पडदा आणि कळफलक नसतो. दुकानातील राउटरला तार जोडली की दुकानातील सगळे संगणक आणि फोन तिच्यात फाईल ठेवू शकतात आणि तिच्यातून घेऊ शकतात. मुनीमच्या संगणकातील टॅलीचा बॅकअप, डिझाइन करणाऱ्या मुलाच्या जॅकार्डच्या फाईली, गोदामातील ताक्यांच्या याद्या, मुलाच्या फोनमधील ऑर्डरचे फोटो हे सगळे एका जागी येते. कुणाला काय पाहता येईल हेही ठरवता येते. डिझाइनवाल्याला उधारीचे खाते दिसायचे कारण नाही.

आत दोन डिस्क असल्या तर सहसा एकच मजकूर दोन्हीवर लिहिला जातो. या जोडणीला 'रेड' म्हणतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी १९८८ साली ही कल्पना निबंधातून मांडली. एक डिस्क निकामी झाली तर दुसरीवर काम चालू राहते, बिघडलेली काढून नवी बसवली की मजकूर आपोआप तिच्यावर उतरतो. डिस्क बिघडतेच, हे लक्षात ठेवावे. बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी आपल्याकडील लाखो डिस्कचा हिशेब दरवर्षी जाहीर करते. २०२४ साली तिच्याकडे शंभरामागे दीड डिस्क निकामी झाली. दीड म्हणजे थोडी, असे वाटेल. पण ज्याच्या दुकानात ती नेमकी बंद पडते, त्याचे नुकसान शंभर टक्के असते.

किती मोठी पेटी लागते? हिशेबाच्या फाईली फार जागा खात नाहीत, पाच-दहा वर्षांचे खातेही काही गिगाबाइटमध्ये मावते. जागा जाते ती फोटोंना. साडीचा किंवा ड्रेस मटेरियलचा एक चांगला फोटो ५ मेगाबाइटचा धरला आणि दिवसाला असे २०० फोटो निघाले, तर रोजचा १ गिगाबाइट होतो. वर्षाचे ३०० दिवस धरले तर ३०० गिगाबाइट. ४ टेराबाइटच्या दोन डिस्क घेतल्या तर एकच मजकूर दोन्हीवर असल्याने वापरायला ४ टेराबाइट मिळतात. आपल्यासारख्याला तेवढे दहा वर्षे पुरावे. मात्र सीसीटीव्हीचे चित्रण त्याच पेटीत घालू नये. ते सगळी जागा खाऊन टाकते, आणि महिन्याभरानंतर त्याला कुणी विचारतही नाही.

पेटी म्हणजे बॅकअप नव्हे

इथेच आपले लोक फसतात. दोन डिस्क म्हणजे दोन प्रती, असे समजून ते निश्चिंत होतात. पण त्या दोन डिस्क एकाच हाताने एकाच क्षणी लिहिल्या जातात. मुनीमने चुकून एका पार्टीचे खाते पुसले तर ते दोन्हींवरून पुसले जाते. व्हायरसने फाईली बिघडवल्या तर दोन्हींवर बिघडतात. चोर पेटी उचलून नेतो तेव्हा दोन्ही डिस्क एकदमच जातात. डिस्क बिघडण्यापासून ही जोडणी वाचवते, बाकी कशापासूनही नाही.

पाण्याचे घ्या. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मुंबईत तळमजल्यावरील किती दुकाने आणि गोदामे बुडाली, ते ज्यांनी भोगले त्यांना सांगायला नको. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. पाणी माल आणि हिशेब असा भेद करीत नाही. काउंटरखालचा संगणक आणि माळ्यावरची पेटी या दोघांत फार तर सात-आठ फुटांचे अंतर असते.

आगीचे घ्या. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या मोठ्या कंपनीची सर्व्हरची पाच मजली इमारत जळाली. ज्या गिऱ्हाइकांची मूळ प्रत आणि बॅकअप दोन्ही त्याच आवारात होते, त्यांचे दोन्ही गेले. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील डेजॉन येथे सरकारी डेटा केंद्रात बॅटरीतून आग लागली. सरकारी कर्मचारी ज्या साठ्यात आपल्या फाईली ठेवत, त्याचा ८५८ टेराबाइट मजकूर नष्ट झाला. साठा इतका मोठा होता की त्याची दुसरी प्रत ठेवलीच नव्हती. ज्या देशाच्या डिस्क आणि चिप जगभर विकल्या जातात, त्याच्या सरकारची ही गत.

आणि खंडणीखोरांचे घ्या. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या व्हायरसने दीडशेच्या वर देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांच्या फाईली कुलूपबंद केल्या आणि सोडवणुकीचे पैसे मागितले. त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो बसवला नव्हता ते सापडले. पण नॅसच्या पेट्यासुद्धा यातून सुटल्या नाहीत. २०१४ च्या ऑगस्टमध्ये सिनॉलॉजी कंपनीच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या पेट्यांवर असाच हल्ला झाला. एप्रिल २०२१ मध्ये क्यूनॅप कंपनीच्या पेट्यांतील फाईलींना पासवर्ड घालून प्रत्येकाकडे ०.०१ बिटकॉइन मागण्यात आले, आणि जानेवारी २०२२ मध्ये त्याच कंपनीच्या पेट्यांवर 'डेडबोल्ट' आला, त्याने ०.०३ बिटकॉइन मागितले. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या 'माय बुक लाइव्ह' या पेट्या जगभरात दूरवरून पुसल्या गेल्या. सकाळी मालकांनी पाहिले तर पेटी रिकामी. त्या पेट्यांना कंपनी २०१५ पासून नवे सॉफ्टवेअर देतच नव्हती. ज्या पेट्यांना अशी झळ लागली, त्यांचे दार थेट इंटरनेटवर उघडे होते.

सांगायचे ते असे की, पेटीमुळे विखुरलेला मजकूर एका जागी गोळा होतो, ही तिची सोय आहे आणि तोच तिचा धोकाही आहे. पूर्वी एक संगणक गेला तर एकच खाते जात असे. आता पेटी गेली तर हिशेब, डिझाइन, फोटो, याद्या हे सगळे एकदम जाईल. म्हणून पहिली पेटी घेतानाच दुसऱ्या जागेचा विचार झाला पाहिजे. तो होत नसेल तर पेटी घेऊन आपण धोका वाढवला, असेच म्हणावे लागेल.

जाणकारांमध्ये एक साधा नियम चालतो, 'तीन-दोन-एक'. पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने तो आपल्या पुस्तकातून लोकप्रिय केला. मजकुराच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या जागी असावी. आपली जुनी चलनाची पद्धत आठवा. आपल्या बापजाद्यांचा हिशेब या नियमाचे नाव न घेता तो पाळत होता.

क्लाउड पुरेसे नाही का?

तरुण मंडळी विचारतात, 'चाचा, पेटीची कटकट कशाला? सगळे क्लाउडवर टाका.' प्रश्न वाजवी आहे, आणि लहान धंद्याला ते पुरेही. दुसऱ्या जागेची प्रत म्हणून क्लाउड चांगलेच आहे. पण तीन अडचणी सांगतो.

पहिली, ते भाडे आहे. फोटो वाढले की भाडे वाढते आणि भाडे थकले की मजकूर अडकतो. दुसरी, आपल्या गल्ल्यांतील इंटरनेट. मजकूर वर पाठवण्याचा वेग २० एमबीपीएस धरला तर १ टेराबाइट पाठवायला अखंड साडेचार दिवसांहून जास्त लागतात. परत आणायलाही वेळ लागतो आणि त्या काळात दुकान हिशेबाविना चालवावे लागते. पेटीतून तेच काम तासांत होते. तिसरी अडचण सर्वांत मोठी, खाते कुणाच्या नावावर आहे? आमच्या बाजारातील एका पेढीचा मुनीम नोकरी सोडून गेला तेव्हा कळले की क्लाउडचे खाते त्याच्या खाजगी ई-मेलवर आणि त्याच्याच मोबाइल नंबरवर उघडलेले होते. माणूस भला होता, महिन्याभराने त्याने खाते वळते करून दिले. पण तो भला होता म्हणून पेढी वाचली, पेढीच्या व्यवस्थेमुळे नव्हे.

माझ्या मते रोजच्या कामाला आणि जलद परत मिळवायला पेटी, आणि फक्त हिशेब व महत्त्वाचे कागद यांच्यासाठी क्लाउडची लहान जागा, असा मेळ घालावा. हिशेबाचा मजकूर थोडा असतो, त्याचे भाडेही थोडेच येते.

दोन पेढ्या, दोन पेट्या

फोटो आणि डिझाइन यांच्या दुसऱ्या प्रतीसाठी एक उपाय सुचवतो, जो आपल्या बाजाराच्या स्वभावाला धरून आहे. एकमेकांवर भरवसा असलेल्या दोन व्यापाऱ्यांनी, दोन भावांनी, किंवा एकाच माणसाच्या दुकान आणि घर या दोन जागी, एकेक पेटी ठेवावी. भिवंडीच्या पेटीतील मजकूर रात्री मालेगावच्या पेटीत जावा आणि मालेगावचा भिवंडीत यावा. बहुतेक पेट्यांत ही सोय सॉफ्टवेअरमध्येच असते. पहिली मोठी प्रत इंटरनेटवरून पाठवू नये. दोन्ही पेट्या एकाच जागी ठेवून ती उतरवून घ्यावी आणि मग एक पेटी गाडीत घालून न्यावी. त्यानंतर रोज फक्त बदललेला मजकूर जातो, आणि तो रात्रीत सहज पोहोचतो.

'माझा हिशेब दुसऱ्याच्या दुकानात कसा ठेवू?' हा प्रश्न लगेच येईल. म्हणूनच पाठवताना एन्क्रिप्शन, म्हणजे सांकेतिक कुलूप, लावायचे असते. त्याची किल्ली फक्त आपल्याकडे राहते. ज्याच्याकडे पेटी आहे त्याला आत काय आहे ते दिसत नाही. बंद लखोटा अमानत म्हणून शेजाऱ्याकडे ठेवावा, तसे हे आहे. अमानत सांभाळणे आपल्या व्यापाऱ्यांना शिकवावे लागत नाही, फक्त ती वहीच्या बाबतीतही चालू शकते हे ध्यानात आलेले नाही. बाजाराच्या संघटनांनी पुढाकार घेऊन अशा जोड्या लावून दिल्या तर लहान व्यापाऱ्यांचा खर्च आणि धाक दोन्ही कमी होतील.

दोघांत अंतर मात्र हवे. एकाच गल्लीतील दोन दुकाने एकाच पुरात बुडतात.

विकत घेताना

दुकानदाराला पुढील गोष्टी विचाराव्यात.

१. पेटीत 'स्नॅपशॉट'ची सोय आहे का? स्नॅपशॉट म्हणजे त्या घटकेला मजकूर जसा होता तसे गोठवलेले चित्र. आज मुनीमने खाते पुसले तर कालच्या चित्रातून ते परत मिळते. खंडणीचा व्हायरस दुकानातील संगणकावरून आला तरी जुनी चित्रे सहसा शाबूत राहतात, अर्थात त्या संगणकावर पेटीच्या मुख्य खात्याचा पासवर्ड साठवलेला नसेल तर. सर्वांत स्वस्त पेट्यांत ही सोय नसू शकते. पैसे वाचवण्याची ही जागा नव्हे.

२. कंपनी या पेटीला नवे सॉफ्टवेअर किती वर्षे देणार? वर 'माय बुक लाइव्ह'ची हकिकत सांगितलीच आहे. जुनी पेटी कुणी स्वस्तात देत असेल तर हा प्रश्न आधी विचारावा.

३. डिस्क नॅससाठी बनवलेल्या आहेत का, आणि त्या 'सीएमआर' पद्धतीच्या आहेत का? दुसऱ्या, 'एसएमआर' पद्धतीच्या डिस्क स्वस्त असतात, पण बिघडलेल्या डिस्कच्या जागी बसवल्यावर मजकूर उतरवताना त्या फार रेंगाळतात. बिलावर मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा.

४. यूपीएसची तार पेटीला जोडता येते का? वीज गेली की यूपीएस पेटीला इशारा देतो आणि ती स्वतःहून नीट बंद होते. लिहिता लिहिता वीज गेली तर फाईली बिघडतात. आपल्याकडच्या विजेचे रंग पाहता यूपीएस चैनीची वस्तू मानू नये.

५. बसवून देणाऱ्याला स्पष्ट सांगावे की राउटरवरून पेटीचे दार इंटरनेटवर थेट उघडायचे नाही. 'फोनवरून कुठूनही बघता येईल' या मोहापायी ते उघडले जाते. बाहेरून पाहायचेच असेल तर व्हीपीएन लावून घ्यावे.

टॅली वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. टॅली चालू असताना तिचे फोल्डर नुसते कॉपी करू नये, अर्धवट कॉपी होऊ शकते. टॅलीत बॅकअपची स्वतंत्र आज्ञा आहे. ती रोज संध्याकाळी वापरून तयार झालेली फाईल पेटीत ठेवावी.

खर्चाचे काय? पेटी, दोन डिस्क आणि यूपीएस यांचा खर्च हजारांत होतो आणि नवा रॅपियर लूम लाखांत जातो. माग बंद पडला तर कारागीर बोलावून दुरुस्त करता येतो. गेलेला हिशेब दुरुस्त करणारा कारागीर सहसा सापडत नाही.

किल्ली कुणाकडे?

यंत्र आणून बसवणे सोपे, शिस्त लावणे अवघड. मुख्य पासवर्ड मालकाकडे असावा, मुनीमकडे त्याच्या कामापुरते वेगळे खाते असावे. मुख्य पासवर्ड आणि सांकेतिक कुलुपाची किल्ली कागदावर लिहून, लखोट्यात घालून, घरच्या कपाटात ठेवावी आणि बायको किंवा मोठा मुलगा यांपैकी एकाला ती जागा दाखवून ठेवावी. किल्ली हरवली तर दुसऱ्या गावची प्रत आपल्यालाही उघडणार नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बॅकअप परत उघडून पाहणे. १९९८ साली अमेरिकेत 'टॉय स्टोरी २' हा चित्रपट तयार होत असताना पिक्सार कंपनीत कुणीतरी चुकीची आज्ञा दिली आणि चित्रपटाच्या फाईली पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअप होता, पण तो नीट चालत नाही हे कुणाला माहीतच नव्हते. गॅलिन सुसमन या अधिकारी बाई नुकत्याच बाळंत झाल्याने घरून काम करीत होत्या, त्यांच्या घरच्या संगणकावरील प्रतीने चित्रपट वाचला. एवढ्या मोठ्या कंपनीची मदार शेवटी घरच्या प्रतीवर आली. न उघडलेल्या बॅकअपची किंमत न वठलेल्या चेकइतकीच असते.

सर्वांना पेटी हवीच का?

नाही. एकटा शिवणकाम करणारा कारागीर, चार मागांचा लूमवाला, हातमागावर पैठणी विणणारा, यांच्या गळ्यात पेटी मारणारा दुकानदार त्यांचे भले करीत नाही. ज्याचा सगळा हिशेब एका संगणकात किंवा फोनमध्ये आहे, त्याने बाहेरून जोडायच्या दोन डिस्क घ्याव्यात. एक दुकानात, एक घरी. दर आठवड्याला प्रत घ्यावी आणि डिस्कांची अदलाबदल करावी. प्रत घेऊन झाली की डिस्क संगणकापासून काढून ठेवावी, कारण जोडलेलीच नसलेल्या डिस्कपर्यंत व्हायरस पोहोचत नाही. फोनमधील गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी महिन्यातून एकदा संगणकात उतरवून घ्याव्यात. दुकानात तीन-चार संगणक झाले, दोघे-तिघे एकाच फाईलीवर काम करू लागले, फोटोंचा ढीग वाढला, की मग पेटीचा विचार करावा.

आपल्या बाजाराने हातमागावरून यंत्रमागावर येताना आणि चोपडीवरून टॅलीवर येताना बरेच सोसले आहे. या वेळचा बदल त्यामानाने लहान आहे. त्यासाठी ना कर्ज लागते, ना जागा. फक्त मालकाने तासभर लक्ष द्यावे लागते, आणि तेच आपल्याकडे दुर्मीळ. हिशेबाचे काम मुनीमचे, संगणकाचे काम मुलाचे, असे म्हणून आपण मोकळे होतो. येणे मात्र आपले असते आणि देणेही.

तेव्हा बांधवांनो, पेटी घ्यायची की नाही ते नंतर ठरवा. येत्या शुक्रवारी माग बंद असतील, तेव्हा नमाजनंतर मुनीमला किंवा मुलाला पेढीवर बोलवा आणि तीन वर्षांपूर्वीचे एखादे बिल काढून दाखवायला सांगा. मात्र ते काउंटरवरच्या संगणकातून काढू नये, बॅकअपमधून काढावे. पाच मिनिटांत निघाले तर तुमची पेढी चांगल्या हातांत आहे. नाही निघाले, तर पुढच्या पावसाळ्याची वाट पाहू नका.